खानदेशातील प्रेक्षणीय स्थळे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त नोकरी-धंद्यासाठी बाहेरगावी स्थायिक झालेली मंडळी, माहेरवाशिणी, जावई आणि पाहुणे मोठ्या संख्येने गावात येणार. जेवणखाण झाल्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे हो?" आणि आपलेही उत्तर ठरलेले असते, "इथून अजिंठा जवळ आहे!" हे उत्तर खोटे नाही. जळगाव स्टेशनापासून अजिंठ्याची लेणी सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. देशोदेशीचे प्रवासी जळगावला उतरतात, लेणी पाहतात आणि पुन्हा गाडी धरतात. परंतु अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही, आणि आपल्या अंगणात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खानदेशाची ओळख

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीमाईने पोसलेला हा काळ्या मातीचा मुलूख. यादवकाळी याचा बराच भाग सेउणदेशात मोडत असे. पुढे फारुकी सुलतान, मोगल आणि मराठे अशा राजवटी येथे नांदल्या, व इ. स. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. एकच असलेला खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. तेच आजचे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हे तीन झाले तरी बोली एक, भरीत एक आणि कानबाईचा रोटही एकच आहे.

जळगाव व परिसर

जळगाव शहर कापूस, केळी व सोने यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. मेहरूणचा तलाव व तेथली बोरे, कार्तिकी एकादशीचा रथोत्सव, आणि २०१२ साली जैन हिल्सवर सुरू झालेले गांधीतीर्थ ही स्थळे पाहुण्यास अवश्य दाखवावीत. यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने त्याची सजावट केली होती.

परंतु जळगावला आलेल्या माणसाने जवळच्या आसोदे गावी जाऊन यावे असे मला वाटते. १८८० साली याच गावी बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना व जात्यावर बसताना त्या ओव्या रचीत गेल्या. घरातल्यांनी, विशेषतः त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी, त्या जपल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या व पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास त्यांचे नाव आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, कोणी कागदावर उतरवून घेतले नसते तर हे धन त्या माउलीबरोबरच गेले असते. किती आसोद्यांतील किती बहिणाबाई अशाच गेल्या असतील, कोण सांगणार!

तापी-पूर्णेचा संगम

जळगावच्या पूर्वेस मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. त्याच्या काठी चांगदेव हे गाव असून तेथे योगी चांगदेवांच्या नावाने ओळखले जाणारे भव्य दगडी मंदिर उभे आहे. वाघावर बसून निघालेले चांगदेव आणि भिंत चालविणारे ज्ञानदेव ही कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याच चांगदेवांनी वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू मानले. शके १२१९ मध्ये मुक्ताबाई तापीतीरी अंतर्धान पावल्या अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. जवळच्या कोथळी येथील त्यांच्या स्थानाहून आषाढी वारीसाठी दरवर्षी पालखी निघते. महाशिवरात्रीस या परिसरात मोठी यात्रा भरते. पावसाळा संपल्यावर संगमाचे पाणी पाहावयास गेल्यास दोन नद्यांचा मेळ डोळे भरून पाहता येतो.

पाटण : ज्ञानाचे माहेर

आता दक्षिणेकडे वळू. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. पाटणादेवी, अर्थात चंडिकादेवी, ही अनेक घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे नवरात्रात तेथे दर्शनाला गर्दी उसळते. भोवती गौताळा अभयारण्याचे जंगल आहे व पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा कोसळत असतो. भाविक देवीचे दर्शन घेतात, डबे सोडतात आणि परत फिरतात. परंतु या रानात दोन शिलालेखांच्या रूपाने जो इतिहास बोलतो आहे, तो फार थोडे ऐकतात.

पहिला लेख तेथील महादेवाच्या प्राचीन मंदिरातील आहे. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे येथे राज्य करीत होते. त्यांतील इंद्रराज या राजाने शिवमंदिराचे काम आरंभिले, पण ते पुरे होण्याआधीच त्याचे निधन झाले. पुत्र गोवन लहान होता. राणी श्रीदेवीने मुलाच्या नावाने राज्यकारभार सांभाळला व शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ मध्ये मंदिर पूर्णत्वास गेले. आपण अशा देवळांना सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. परंतु ज्या हेमाद्री पंडितावरून हे नाव पडले तो देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या दरबारी होता, म्हणजे या मंदिरानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. चुन्याशिवाय दगडांत दगड बसवण्याची ही विद्या हेमाद्रीच्या आधीच आपल्या पाथरवटांच्या हाती होती, हे यावरून सिद्ध होते.

दुसरा लेख देवीच्या देवळातील. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला आणि त्याने साऱ्या जगातील गणितज्ञांचे लक्ष पाटणकडे वेधले. 'सिद्धांतशिरोमणी'चे कर्ते भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला. 'लीलावती' हा त्याच ग्रंथाचा भाग, आणि तो त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी रचला. त्यांच्या जन्मस्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन झाला, हे या लेखाने निर्विवाद ठरते. तो स्थापिला त्यांचा नातू चांगदेव याने. हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. (तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे, नावसाधर्म्यामुळे अनेकांची गल्लत होते.) निकुंभ राजा सोइदेव याने इ. स. १२०७ मध्ये या मठाला दान दिले.

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल त्यावरील राजाच्या उत्पन्नाचा हिस्सा मठाला, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला, अशी व्यवस्था त्यात लावून दिली आहे. विचार करा, आठशे वर्षांपूर्वी ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवा आपल्या खानदेशातल्या तेल्याच्या पळीभर तेलावर जळत होता! दान राजाचे खरे, पण ते रोज पोचवीत होता गावचा व्यापारी व तेली. आज तो मठ नाही, बाजार नाही, घाणेही नाहीत. दगडावर लिहून ठेवले म्हणून त्या पळीभर तेलाची आठवण मात्र शिल्लक आहे.

पाटणच्याच डोंगरात, पण कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोरा लेणी आहेत. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांइतकी जुनी. तेथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरले आहे. आपल्या प्राचीन शिल्पांत कारागिराचे नाव क्वचितच आढळते. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सोनार आपल्याला नावानिशी भेटतो, हे नवलच नव्हे काय?

एरंडोल, पारोळे, अमळनेर

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर प्रथम एरंडोल लागते. तेथून जवळच पद्मालय हे गणपतीचे रम्य स्थान आहे. देवळात उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती एकत्र असून समोरच्या तळ्यात कमळे फुलतात. याच भागातील फरकांडे येथील झुलते मनोरे पूर्वी लांबून लोक पाहावयास येत. एक हलविला असता दुसरा हले अशी त्यांची ख्याती होती. त्यांपैकी एक मनोरा पडून गेला. तो कोणी व कसा बांधला याचा पुरता वृत्तान्त हाती नसल्याने, जे पडले ते पुन्हा जसेच्या तसे उभारणे कोणाच्या आवाक्यातले राहिले नाही.

पुढे पारोळे. येथील भुईकोट किल्ला १७२७ साली बांधला गेला. झाशीच्या नेवाळकर घराण्याची जहागीर येथे होती. बालाजी महाराजांचा उत्सव हे या गावाचे आजचे भूषण.

येथून उत्तरेस बोरी नदीकाठी अमळनेर. संत सखाराम महाराजांच्या वैशाखी यात्रेचे हे गाव. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, व येथल्याच प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. १९५२ साली व पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले.

धुळे व परिसर

पांझरेकाठचे धुळे हे एकवीरा देवीचे शहर. जवळच लळिंगचा किल्ला आहे. उत्तरेस तापीकाठी थाळनेर येथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. इ. स. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजास हा मुलूख मिळाला व थाळनेर राजधानी झाले. याच किल्ल्यावर फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांशी लढाई होऊन किल्लेदार तुळशीराम यास फाशी देण्यात आले. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे प्राचीन दगडी मंदिरांचा समूह आहे. त्यावरील कोरीव काम पाहण्यास निदान अर्धा दिवस हाताशी असावा.

परंतु धुळ्याचे खरे वैभव कागदाचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून पायी हिंडले आणि माळ्यावर कसर खात पडलेली दप्तरे त्यांनी मागून आणली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे २२ खंड प्रसिद्ध झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला, आणि अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले. तसेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाग्देवता मंदिर उभारून रामदासी मठांतील जुनी हस्तलिखिते तेथे जतन केली. या मंदिरात मूर्तीच्या जागी पोथ्या आहेत म्हटले तरी चालेल. धुळ्यास जाणाऱ्याने या दोन वास्तूंचा उंबरठा ओलांडल्याखेरीज परतू नये.

समारोप

स्थळे आणखी पुष्कळ आहेत. अडावदजवळचे उनपदेवाचे उष्ण झरे, सातपुड्यातील मनुदेवी, पाल ही सारी पाहण्याजोगी आहेत. विस्तारभयास्तव येथेच थांबतो. तथापि एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेखणी खाली ठेववत नाही.

आपल्या देवळाच्या गाभाऱ्याजवळील भिंतीला दर चैत्रात चुना देण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. कोण जास्त हात देतो याची आमच्यात चढाओढ लागे. यंदा जीर्णोद्धारासाठी तो थर खरवडला तेव्हा खालून अक्षरे निघाली. 'शके' हा शब्द स्पष्ट दिसतो. पुढचे आकडे मात्र घासून गेले आहेत. मंदिर कोणी बांधले, कोणत्या साली बांधले, कोणाच्या पळीभर तेलावर येथला नंदादीप तेवला, हे सारे त्या ओळीत असेल. आता ते कोणालाही वाचता येणार नाही. त्या चुन्यात माझाही हात होता. आम्ही ते भक्तीनेच केले, पण भक्तीने पुसले म्हणून अक्षर परत येत नाही.

म्हणून ग्रामस्थ बंधू-भगिनींना हात जोडून विनंती की, ती शिळा फोडू नये, तीवर तैलरंग वा फरशी चढवू नये. ती आहे तेथेच सर्वांना दिसेल अशी राहू द्यावी. तसेच या जीर्णोद्धाराचा शके, देणगीदारांची नावे, आणि त्यांबरोबरच पाथरवट, गवंडी, सुतार व माती वाहणाऱ्या आयाबहिणींची नावेही दगडात कोरून ठेवावीत. मोठ्या देणगीची पावती फाटते, दगडातले अक्षर टिकते. आणखी आठशे वर्षांनी कोणी पाहुणा या गावी येईल व "येथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारील, तेव्हा गावाने त्याला ती शिळा दाखवावी.

शुभं भवतु।