तारे एकत्र जन्मतात, मग पांगतात कसे? सिद्धगडावरून दिसणारी गोष्ट

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी पहाटे लोक इथे अभिवादनाला येतात. तुम्ही आदल्या रात्रीच मुक्कामाला गेलात, तर नऊच्या सुमारास सह्याद्रीच्या भिंतीवर आलेलं मृग नक्षत्र नक्की बघा. त्यात एका ओळीत दिसणारे तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला बाण. बाणाच्या दक्षिणेला एक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही, तिथे आजही तारे जन्माला येत आहेत.

एकटा तारा क्वचितच जन्मतो

हा मृगातला तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्या आत दोन हजारांहून जास्त तारे आहेत आणि बहुतेकांचं वय जेमतेम १० ते ३० लाख वर्षं आहे. थंड वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो, त्याचे लांब धागे बनतात आणि धाग्यांत जिथे वायू दाट होतो तिथे तारे तयार होतात. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने धुळीच्या आड डोकावून पाहिलं. सगळ्यात लहान वयाचे तारे या धाग्यांना चिकटून दिसले, थोडे मोठे झालेले जरा लांब पसरलेले.

जड तारे मध्यभागी का?

तेजोमेघाच्या मध्यभागी चार तप्त ताऱ्यांचा चौकोन आहे. त्यातला सर्वांत मोठा सूर्याच्या तीसपटीहून जड आहे. जड तारे तिथेच जन्मले, की हलक्या ताऱ्यांशी गुरुत्वीय ओढाताण होऊन मध्यभागी सरकले? हा गुच्छ इतका कोवळा आहे की सरकायला पुरेसा वेळ मिळाला का, यावर अजून वाद आहे.

घर मोडतं कसं?

हेच जड तारे घर मोडतात. त्यांच्या अतिनील किरणांनी आणि वाऱ्यांनी उरलेला वायू उडून जातो. वायूचं गुरुत्वाकर्षण गेलं की गुच्छ सैल पडतो. सेकंदाला एक किलोमीटर वेगाने निघालेला ताराही दहा लाख वर्षांत तीन प्रकाशवर्षांहून दूर जातो. काही तारे तर गोफणीतल्या दगडासारखे फेकले जातात. सारथी तारकासमूहातला 'एई' आणि कपोतातला 'म्यू' हे दोन तारे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी मृगातूनच विरुद्ध दिशांना भिरकावले गेले.

अशा तापलेल्या वायूतून रेडिओ लहरीही येतात. त्या टिपणारी जीएमआरटी दुर्बीण सह्याद्रीच्या पलीकडेच आहे, नारायणगावजवळच्या खोडदला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची.

एकाच रात्री तीन वयं

आता मान वर करा. डोक्यावर कृत्तिका दिसतील. वय सुमारे १० कोटी वर्षं, वायू संपला, पण गुच्छ टिकला. त्याच्या आणि मृगाच्या मध्ये रोहिणीजवळचा इंग्रजी 'व्ही'सारखा गुच्छ आहे. तो ६० कोटींहून जास्त वर्षांचा, आणखी विरळ झालेला. लाल रोहिणी मात्र त्यातली नाही, ती बरीच अलीकडे आहे.

आणि आपला सूर्य? वय ४६० कोटी वर्षं आणि आज एकटा. पण उल्कापाषाणांत अल्पायुषी किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या खुणा सापडतात. त्यावरून सूर्यही जड ताऱ्यांच्या शेजारात, अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्याची भावंडं केव्हाच आकाशगंगेत पांगली.

पश्चिमेला कल्याण-मुंबईच्या दिव्यांचा उजेड असतो. त्याकडे पाठ करा, साधी द्विनेत्री डोळ्यांना लावा. तो धुरकट ठिपका पुरता उजळतो.