रविवार तांबडा कसा होतो?

शाळेचा हजेरीपट आखताना रविवारच्या रकान्यात तांबड्या शाईची उभी रेघ ओढायची, ही पद्धत शिक्षकांच्या चांगली परिचयाची आहे. आता निफाडसारख्या तालुक्याच्या गावीही हा पट संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये तयार करता येतो. त्यातील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ ही सोय, म्हणजे ‘अमुक अट पुरी झाली तर तमुक रंग दे’ असा आदेश, महिन्यातले सगळे रविवार क्षणात रंगवून देते. काम लहानसेच आहे, पण त्यातून दोन प्रश्न निघतात. संगणकाला रविवार कळतो कसा? आणि रविवार हाच सुट्टीचा वार, हे ठरवले कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण पंचांगकर्त्यांच्या गणितापाशी पोचतो, तर दुसऱ्याचे शोधताना मुंबईच्या गिरणगावात.

दिवसांची अखंड मोजणी

संगणकाला वार ठाऊक नसतो. त्याला फक्त मोजता येते. एक्सेल या प्रणालीत प्रत्येक तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. १ जानेवारी १९०० चा क्रमांक १, आणि तेथून रोज एकेक वाढत जातो. १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७,३९४ आहे. त्याला ७ ने भागले की बाकी उरते ६. बाकी १ म्हणजे रविवार, २ म्हणजे सोमवार, या क्रमाने ६ म्हणजे शुक्रवार आणि ० म्हणजे शनिवार. स्वातंत्र्यदिन शुक्रवारी होता, हे आपल्याला माहीत आहेच.

एका ठरावीक दिवसापासून अखंड दिवस मोजत जाणे ही कल्पना मात्र संगणकाची नव्हे. भारतीय ज्योतिषगणितात तिला ‘अहर्गण’ म्हणतात. अहर्गण म्हणजे दिवसांचा समूह. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत ही मोजणी कलियुगाच्या आरंभापासून होत असे. पण ती संख्या लाखांच्या घरात जाते आणि हाताने गुणाकार-भागाकार करणाऱ्याची दमछाक होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात यावर एक सोपी युक्ती योजली. त्यांनी आरंभदिन धरला शके १४४२ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे १९ मार्च १५२०, सोमवार. पुढच्या काळाची त्यांनी अकरा-अकरा वर्षांची ‘चक्रे’ पाडली. एका चक्राचे दिवस धरले ४,०१६.

आता ४,०१६ ला ७ ने भागा. बाकी ५ उरते. म्हणजे प्रत्येक पुऱ्या चक्रामागे वार ५ ने पुढे सरकतो. म्हणून वार काढताना पुऱ्या झालेल्या चक्रांची संख्या ५ ने गुणायची, चालू चक्रातले दिवस त्यात मिळवायचे आणि बेरजेला ७ ने भागायचे. बाकी ० आली तर सोमवार, १ आली तर मंगळवार. मोठी संख्या हाताळावीच लागत नाही.

हा वार काढण्यामागे आणखी एक हेतू होता. अहर्गण सरासरी मानाने काढला जात असल्यामुळे त्यात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून गणिताने आलेला वार प्रत्यक्ष वाराशी ताडून पाहत आणि जरूर तर एक दिवस मिळवीत किंवा वजा करीत. तिथीचा क्षय होतो, तिची वृद्धी होते, अधिक महिना येतो, पण वारांची साखळी तुटत नाही. युरोपात १५८२ साली कॅलेंडर सुधारताना दहा तारखा गाळल्या गेल्या. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. तरीही गुरुवारनंतर शुक्रवारच आला. त्यामुळे वार हा हिशेबाचा खात्रीचा पहारेकरी ठरतो.

कधीच न उगवलेला दिवस

हा पहारेकरी संगणकाच्या हिशेबातली चूकही पकडून देतो. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ ही वैयक्तिक संगणकावरची पहिली स्प्रेडशीट बाजारात आणली. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आली. तिच्यात १९०० हे वर्ष लीप धरले गेले होते. शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप असते. तेव्हा २००० हे लीप वर्ष आहे, १९०० नाही. तरीही लोटसच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस शिरला. लोटसमधले तक्ते आपल्याकडेही चालावेत म्हणून एक्सेलने तो तसाच ठेवला, आणि आजही तेथे ६० हा क्रमांक त्या दिवसाचा आहे.

पुरावा हवा असेल तर वार विचारावा. १ जानेवारी १९०० रोजी सोमवार होता, पण एक्सेल रविवार सांगते. १ मार्च १९०० पासून मात्र सारे जुळते, कारण तोपर्यंत तो खोटा दिवस मोजून झालेला असतो.

एक्सेलमध्ये १९०० च्या आधीच्या तारखांना क्रमांकच नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. ही तारीख एक्सेलमध्ये लिहिली तर ती नुसता मजकूर म्हणून राहते. तिचा वार निघत नाही, आणि तिला रंगही लागत नाही. आपण तो कागदावर काढू. १८ जानेवारी १८४२ पासून १८ जानेवारी १९०० पर्यंत ५८ वर्षे होतात. त्यांचे दिवस ५८ × ३६५ = २१,१७०. मधली लीप वर्षे १८४४ ते १८९६ अशी १४. एकूण २१,१८४ दिवस, ७ ने भागून बाकी २. १८ जानेवारी १९०० रोजी गुरुवार होता. दोन वार मागे गेलो की मंगळवार येतो. रानडे मंगळवारी जन्मले.

रंग कोणी दिला?

येथवरचे सारे गणित झाले. पण सात बाक्यांपैकी कोणती रंगवायची, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवले आहे, आणि ते सहजासहजी ठरलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे मांडली. त्याच सुमारास त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ची स्थापना केली. अर्ज, सभा आणि सह्यांच्या मोहिमा यांत सहा वर्षे गेली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली. वरच्या रीतीने १० जून १८९० चा वार काढून पाहा. रविवारची सुट्टी मंगळवारी मिळाली!

हा निर्णय आजही जागोजागी वेगळा असतो. महाराष्ट्रातील राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शिक्षणसंस्था त्यातून वगळल्या गेल्या. म्हणून तहसील कचेरीच्या तक्त्यात शनिवार-रविवार दोन्ही रंगवावे लागतात, आणि शनिवारी सकाळची शाळा भरवणाऱ्या शिक्षकाला एकटा रविवार.

करून पाहण्यासाठी

एक्सेलमध्ये ही सोय ‘एक्सेल ९७’ पासून आहे. तारखांचा रकाना निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सूत्राचा पर्याय घ्यावा. ‘वीकडे’ या फलनाला तारीख आणि दुसरा घटक म्हणून २ हा आकडा दिला की सोमवारचा १ आणि रविवारचा ७ मिळतो. शाळेसाठी अट ‘उत्तर ७ असल्यास’ अशी ठेवावी, कचेरीसाठी ‘५ पेक्षा मोठे असल्यास’ अशी. पूर्ण ओळ रंगवायची असेल तर सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह घालावे.

विद्यार्थ्यांना एक कोडे घालता येईल. कचेरीची अट लावली की रिकाम्या चौकटीही रंगतात, असे का? उत्तर वरच आहे. रिकामी चौकट म्हणजे शून्य, आणि बाकी शून्य म्हणजे शनिवार. उलट, एखादा रविवार बिनरंगाचा राहिला तर ती तारीख मजकूर म्हणून लिहिली गेली आहे असे समजावे. तक्ता पुरा झाल्यावर दोन-तीन तारखांचे वार भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहावेत. ग्रहलाघव वापरणारे गणिती तेच करीत असत.