पेण ते कुंडलिका : मुलांसोबतची एक सहल आणि देणाऱ्यांचा इतिहास

१/ मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन येण्याजोग्या ठिकाणांमध्ये पेण आणि रोह्याचे नाव नेहमी निघते. श्रावणात पेणचे गणपतींचे कारखाने, थंडीत शेतावरची पोपटी, कोलाडला कुंडलिकेवरचे राफ्टिंग. या वाटेवरील चार ठिकाणांचा इतिहास या धाग्यात मांडत आहे. प्रत्येक ठिकाणी मुलांना एकच प्रश्न विचारावा : हे आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले?

२/ पहिला थांबा पेण. येथील मूर्तिकलेची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली आणि काही घराण्यांपुरती असलेली कला पुढे साऱ्या परिसराचा उद्योग झाली. आज पेण शहराबरोबरच हमरापूर, जोहे यांसारख्या गावांतही घरोघरी कारखाने दिसतात. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना समुद्रमार्गे पोहोचायचे असते, म्हणून त्या उत्सवाच्या कित्येक महिने आधीच गाव सोडतात.

३/ आषाढ-श्रावणात येथे गेल्यास मुलांना कामाची सारी साखळी एकाच छपराखाली पाहता येते. माती मळणे, साच्यात दाबणे, सुटे भाग जोडणे, घासून गुळगुळीत करणे, रंग देणे आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे रेखणे. पेणच्या मूर्तीची ख्याती मुख्यतः या आखणीवर उभी आहे. हात स्थिर नसेल तर महिनाभराची मेहनत एका रेषेने बिघडते. परंतु मूर्ती घरी नेणाऱ्याला कारखान्याचे नाव ठाऊक असते. डोळे कोणी रेखले, हे त्याला कळत नाही.

४/ या उद्योगापुढे आज एक कठीण पेच आहे. शाडूची माती गुजरातहून आणावी लागते. त्या मूर्ती जड असतात आणि वाहतुकीत फुटतात. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके आणि स्वस्त. पण ते पाण्यात सहज विरघळत नाही. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी या मूर्तींवर बंदी सुचवली, तेव्हापासून कारागिरांची उपजीविका आणि नद्यांचे आरोग्य हे दोन्ही प्रश्न न्यायालयापर्यंत गेले. कारखान्यात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलालाही हा पेच समजतो. त्याला दोन्ही बाजू सांगाव्यात.

५/ दुसरा थांबा पेण तालुक्यातीलच गागोदे बुद्रुक. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे येथे जन्मले. पुढे देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते बडोद्याला गेले. म्हणजे त्यांचे सारे बालपण या गावातले. विनोबांनी सांगितलेल्या आठवणींत येथील गणपती आहे. आजोबा शंभुराव घरीच मूर्ती करीत. त्यासाठी चंदन उगाळण्याचे काम मुलांकडे असे. इतक्या कष्टाने घडवलेली मूर्ती विसर्जित होताना त्या लहान मुलाला रडू येई.

६/ दुसरी आठवण फणसाची. अंगणातला फणस उतरवला की आई रुक्मिणीबाई आधी शेजाऱ्यांच्या घरी गरे पाठवीत. घरच्या मुलांच्या हाती ते नंतर येत. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, अशा अर्थाची शिकवण त्यांनी मुलांना दिली. या आठवणीला पुढे मोठा संदर्भ मिळाला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी जमीन मागताना विनोबांना १०० एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदान चळवळ सुरू झाली. दानात आलेली बरीच जमीन कसण्याजोगी नव्हती, हेही इतिहासाने नोंदवले आहे. तरीही या चळवळीचे बीज शोधणाऱ्याला गागोद्याच्या अंगणाकडे पाहावेच लागते.

७/ तिसरा थांबा थंडीचा : रोह्याहून तळा तालुक्यात मांदाडजवळची कुडा लेणी. राजपुरीच्या खाडीवर नजर ठेवून असलेल्या डोंगरात २६ बौद्ध लेणी कोरलेली आहेत. मांदाड म्हणजेच ग्रीक लेखकांनी उल्लेखलेले 'मंदगोर' बंदर, असे अनेक अभ्यासक मानतात. सहाव्या लेण्यासमोरचे दगडी हत्ती मुलांना आधी दिसतात. ते पाहून झाले की त्यांना भिंतींवरील ब्राह्मी अक्षरांकडे न्यावे.

८/ ही अक्षरे मुख्यतः देणाऱ्यांची नावे सांगतात. सुमारे १८०० वर्षांपूर्वी येथे महाभोज नावाने ओळखले जाणारे स्थानिक सत्ताधीश होते. त्यांच्या कुळातील आणि पदरच्या लोकांनी लेणी दिली. पण त्यांच्या शेजारीच सोमदेव नावाचा वैद्य आहे, करहाकड म्हणजे आजच्या कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचा व्यवसाय करणारे माळी आहेत, पदुमनिका नावाची भिक्षुणी आहे. राजघराणे, व्यापारी, कारागीर आणि संन्यासिनी एकाच डोंगरावर एकाच लिपीत नोंदले गेले. प्राचीन कोकणातील सामान्य माणसाचे नाव असे दगडावर वाचायला मिळणे दुर्मीळ आहे.

९/ लेणी पाहून परतताना ऋतू साधला तर पोपटी चुकवू नये. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडे मीठ घालतात. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पोपटी एकट्याने कोणी लावत नाही. मडके उघडले की शेजारपाजार जमतोच. रुक्मिणीबाईंच्या फणसाची आठवण मुलांना येथे आपोआप होईल.

१०/ चौथा थांबा कोलाड, म्हणजे रोहा तालुक्यातील कुंडलिकेचा काठ. राफ्टिंगसाठी आयोजक वयाची अट घालतात, त्यामुळे लहान मुलांनी काठावरूनच पाहावे. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या लहान नद्या पावसाळ्यानंतर रोडावत जातात. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात गोटेच दिसतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही सकाळी उसळत येते आणि काही तासांनी ओसरते. पाऊस नसताना हे पाणी येते कोठून? हा प्रश्न मुले बहुधा स्वतःच विचारतील.

११/ हे पाणी घाटमाथ्यावरील मुळशी धरणाचे आहे. मुळा आणि निळा या नद्या पूर्वेकडे वाहणाऱ्या. मुळेचे पाणी पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अखेरीस बंगालच्या उपसागराला मिळे. टाटा पॉवर कंपनीने धरण बांधून ते अडवले आणि बोगदा व नळांवाटे सह्याद्रीचा कडा उतरवून भिरा येथील वीजकेंद्रात आणले. १९२७ मध्ये हे केंद्र सुरू झाले. वीज मुंबईला गेली आणि वापरून झालेले पाणी कुंडलिकेत, म्हणजे अरबी समुद्राकडे, जाऊ लागले. राफ्टिंगचे वेळापत्रक वीजनिर्मितीच्या वेळांना बांधलेले असते ते यामुळेच.

१२/ या धरणाखाली मुळशी पेट्यातील पन्नासएक गावांच्या जमिनी जाणार होत्या. भातशेती करणाऱ्या मावळ्यांना आधी विचारलेही गेले नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेता येत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट यांच्यासह स्त्रीपुरुष कामाच्या जागी ठाण मांडून बसले. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. त्यांना मोबदल्यात रस होता, तर कसणाऱ्यांना जमीन हवी होती. वारंवारच्या अटका, तुरुंगवास आणि ही फूट यांनी १९२४ पर्यंत लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यास करताना तो जगातील पहिला धरणविरोधी लढा ठरवला.

१३/ आता चारही थांबे एकत्र पाहू. कुड्याच्या डोंगरावर देणाऱ्याने आपल्या इच्छेने दिले आणि त्याचे नाव अठरा शतके टिकले. गागोद्याच्या अंगणात देणे ही आईची शिकवण होती. पेणच्या कारखान्यात कारागीर आपले कसब देतो आणि अनाम राहतो. कुंडलिकेच्या पाण्यासाठी मात्र मावळातील माणसांकडून जमीन त्यांच्या इच्छेविरुद्ध घेतली गेली. त्यांची नावे कोलाडच्या काठावर कोणी उच्चारत नाही. या चारही गोष्टींना सरसकट 'त्याग' म्हटले की दान आणि सक्ती यांतला फरक पुसला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो पुसू देऊ नये, असे मला वाटते.

१४/ म्हणून राफ्टिंग टाळावे असे मी म्हणत नाही. त्या पाण्यावर आज कोलाड परिसरातील अनेक तरुणांचा रोजगार चालतो आणि मुलांचा आनंदही खरा आहे. वेळ असेल तर परतताना ताम्हिणी घाटाने वर जावे. घाट संपला की मुळशीचा जलाशय दिसू लागतो. तेथे गाडी थांबवून मुलांना सांगावे, की सकाळी पाहिलेली नदी येथून निघते आणि या पाण्याखाली गावे आहेत. त्यानंतर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे देण्याची घाई मात्र करू नये.