चेटकिणीविषयीचे वचन आणि ख्रिस्तसभेची स्मृती

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील अठरावे वचन अवघ्या काही शब्दांचे आहे. चेटूक करणाऱ्या स्त्रीला जिवंत राहू देऊ नये, असा त्याचा आशय. शहरातील ख्रिस्तमंदिरात ते वाचले गेले, तर प्राचीन इस्राएलाचा एक कठोर नियम म्हणून श्रोते ते ऐकतील व विसरतील. बोथच्या परिसरात तसे होत नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या ह्या भागात मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी ह्या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. मराठीत ज्याला करणी वा भानामती म्हणतात, त्याला तेलुगूत चेतबडी वा बाणामती म्हणतात. भाषा बदलली तरी भय तेच राहते. 'चेटकीण' हा शब्द ऐकताच येथील श्रोत्यापुढे इस्राएल उभे राहत नाही. गावकुसाजवळ एकटी राहणारी एखादी विधवा उभी राहते. ''फादर, हे वचन आजही लागू आहे काय?'' असे एका धर्मशिक्षकाने आम्हांस विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या साहाय्याने शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

बोथ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले, बोथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. १९४० नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने ह्या जिल्ह्यातील गोंडांचा अभ्यास केला. स्थानिक दैवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलामांना बोलावीत व त्यांना 'पुजारी' म्हणत, असे त्याने नोंदविले आहे. म्हणजे येथे दोन प्रकारची माणसे आहेत. एक, जो उघडपणे पूजा, कौल व उतारा करतो. दुसरी, जिने काहीच केलेले नसते, पण गावात मूल दगावले की जिचे नाव घेतले जाते. आपल्या प्रवचनांत मात्र दोघांनाही 'सैतानाचे हस्तक' ह्या एकाच शब्दात गुंडाळले जाते. येथील आपली ख्रिस्तसभा तरुण आहे. आदिलाबादचा धर्मप्रांत चांदा धर्मप्रांतातून १९९९ मध्ये वेगळा झाला. तिला ते वचन मिळाले, परंतु त्या वचनाने घडविलेला इतिहास तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आरंभीच्या शतकांत ख्रिस्तसभेची भूमिका निराळी होती. इ. स. ७८५ च्या सुमारास सॅक्सनीसाठी केलेल्या शार्लमेनच्या कायद्यात, कोणाला चेटकीण समजून जाळणाऱ्यासच देहदंड सांगितला होता. कारण तशी समजूत हाच मूर्तिपूजकांचा भ्रम मानला जाई. स्त्रिया रात्री देवतेसवे आकाशातून संचार करतात, ही कल्पना स्वप्नवत आभास आहे, असे दहाव्या शतकारंभीच्या एका धर्मनियमाने बजावले. १०८० मध्ये पोप सातवे ग्रेगरी ह्यांनी डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहून वादळे व रोगराई ह्यांचा दोष स्त्रियांवर ठेवण्यास मनाई केली.

पुढे ही स्मृती पुसली गेली. १४८४ मध्ये पोप आठवे इनोसंट ह्यांनी चेटूक शोधणाऱ्या न्यायाधीशांना पाठिंबा देणारे आज्ञापत्र काढले. त्यांपैकी हाइनरिश क्रेमर ह्या डोमिनिकन धर्मगुरूचा चेटकिणींविरुद्धचा कुप्रसिद्ध ग्रंथ लवकरच छापला गेला. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात सुमारे ४० ते ६० हजार माणसे चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बहुतेक शिक्षा राजसत्तेच्या न्यायालयांनी दिल्या हे खरे, आणि ह्या पापात कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघेही सहभागी होते हेही खरे. पण आरोपाला लागणारे ईश्वरविज्ञान आपणच पुरविले. आपल्या भूमीवरही, १५६० ते १८१२ पर्यंत चाललेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनने नवख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या रूढींना गुन्हा ठरविले. १७३६ च्या आज्ञापत्रात घरची तुळसदेखील निषिद्ध झाली.

ह्या अंधारातही दिवे होते. १६१० मध्ये स्पेनमधील लोग्रोन्यो येथे चेटकाच्या आरोपावरून सहा जणांना जाळण्यात आले. त्या खटल्यातील एक न्यायाधीश, आलोन्सो दे सालाझार, पुढे स्वतः गावोगाव फिरला. सुमारे १८०० लोकांच्या जबान्या तपासूनही चेटकाचा एकही खरा पुरावा त्याला आढळला नाही. चेटकिणींविषयी बोलणे व लिहिणे सुरू होईपर्यंत तेथे चेटकिणी नव्हत्याच, असा त्याचा निष्कर्ष होता. जर्मनीतील येशूसंघीय धर्मगुरू फ्रीडरिश श्पे ह्यांनी १६३१ मध्ये निनावी ग्रंथ लिहून दाखविले की, छळच चेटकिणी निर्माण करतो. एवढ्या यातना दिल्या तर कोणीही कबूल होईल.

आता वचनाकडे वळू. हिब्रू मूळात तेथे स्त्रीलिंगी शब्द आहे. ग्रीक व लॅटिन भाषांतरांत मात्र तो पुल्लिंगी अनेकवचनी आहे. ग्रीक शब्दाचे नाते तर औषध व विष ह्यांच्याशी आहे. ज्या शब्दाबाबत प्राचीन भाषांतरकारही एकमत नव्हते, त्यावर आपण शेजारणीचा प्राण टांगावा काय? शिवाय वाचकाने आणखी चारच वचने पुढे जावे. त्याच अध्यायाच्या बाविसाव्या वचनात विधवा व अनाथ ह्यांना छळू नये अशी आज्ञा आहे, आणि त्यांचा आक्रोश परमेश्वर ऐकतो असे लगेच सांगितले आहे. आरोप बहुधा विधवेवरच येतो, हे ध्यानात घेतल्यास अठरावे वचन वाचून बाविसावे गाळणे किती भयंकर आहे, हे कळून येईल. नव्या करारात पेत्राने शिमोन जादूगाराला पश्चात्तापाचे आवाहन केले. इफिसकरांनी जाळली ती पुस्तके. तीही स्वतःची व स्वखुशीने.

नरेंद्र दाभोलकर ह्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असा संशय पसरवून तिला छळणे, हा सीमेपलीकडे किनवटात त्या कायद्याने गुन्हा आहे. पण जो खरोखरच आपला पूजाविधी करतो, त्याचे काय? इंग्लंडने १९५१ मध्ये जुना चेटूक कायदा रद्द केल्यावर तेथे स्वतःला उघडपणे चेटूकपंथी म्हणविणारे लोकही पुढे आले. त्यांचा पंथ आपण मानत नाही. कोलाम पुजाऱ्याचा विधीही आपला नव्हे. तथापि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये घोषित केले, आणि आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचा आधार आपल्याइतकाच त्यांनाही आहे. फसवणूक वा इजा झाली तर न्यायालय आहे. श्रद्धेसाठी दंड नाही.

म्हणून त्या धर्मशिक्षकास आमचे उत्तर असे: ते वचन वाचावे, पण बाविसाव्या वचनासह वाचावे. आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. कोणी केले, हा प्रश्न प्रार्थनेतही विचारू नये. आणि गावाने ज्या घरावर बोट ठेवले असेल, त्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन बसावे. सालाझारचा अनुभव खरा असेल, तर आपल्या बोलण्याने चेटकीण निर्माण होते. मग आपल्या तेथे बसण्याने ती पुन्हा शेजारीण होऊ शकेल.