नागोबापुढील ‘भेट’ : आदिलाबादच्या गोंड कुलस्त्रियांचा एक संस्कार

पुरुषास उपनयनाने जो अधिकार प्राप्त होतो, त्याच्या जोडीचा स्त्रीचा संस्कार कोणता, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. मनुस्मृतीने आपल्या दुसऱ्या अध्यायात विवाहविधी हाच स्त्रियांचा वैदिक संस्कार होय, असे सांगून तो एका वाक्यात मिटविला. हारीताचे मत याहून उदार होते. निबंधकारांनी उद्धृत केलेल्या त्याच्या वचनात ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू असे स्त्रियांचे दोन वर्ग सांगितले असून ब्रह्मवादिनीस उपनयन आणि वेदाध्ययन ही दोन्ही दिली आहेत. परंतु कालौघात ब्रह्मवादिनी ग्रंथातच राहिली व घरोघरी सद्योवधू तेवढी उरली. तिचे कुल, गोत्र आणि दैवत ही तिन्ही एकाच दिवशी, पुरोहिताच्या मुखाने पालटतात. त्या दिवशी तिला स्वतःला बोलावे लागते ते फार थोडे.

हा प्रश्न ज्यांनी मनूच्या मार्गाने सोडविला नाही, असा एक समाज आदिलाबाद जिल्ह्यात, आपल्या अगदी शेजारी नांदत आहे. तो समाज म्हणजे राजगोंडांचा, आणि त्यातही विशेषेकरून मेसराम कुळाचा. या कुळात विवाहाने स्त्री पतीच्या घरात येते. परंतु कुलदैवताच्या पूजेचा अधिकार तिला त्या विवाहाने मिळत नाही. त्यासाठी तिला आणखी एका संस्कारातून जावे लागते. तो संस्कार तिच्यावर पुरोहित एकांतात करीत नाही. कुळातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला हाती धरून दैवतापुढे नेतात. या संस्काराचे नाव ‘भेट’, लोकांच्या तोंडी ‘भेटिंग’. भेटीस आलेल्या नव्या सुनांस ‘भेटी कोरियाड’ म्हणतात. कोरियाड म्हणजे गोंडीत सून. पहिला शब्द मात्र मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हा शब्द तेथे कसा रुळला याचे आश्चर्य वाटू नये. आदिलाबादचा हा डोंगराळ मुलूख पूर्वी चांद्याच्या गोंड राजांच्या प्रभावाखाली होता. पुढे निजामाच्या राज्यात तो सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाऊ लागला आणि 1905 साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनवट व राजुरा हे मराठी तालुके 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेने ते तोडून मुंबई राज्यास जोडले, तरी पैनगंगेच्या अलीकडे मराठी बोलणारी कितीतरी गावे राहून गेली. 2016 साली जिल्ह्याचे पुन्हा चार भाग झाले. सीमा अशा वेळोवेळी हलल्या. बोली मात्र हलल्या नाहीत. गोंडांच्या कुलकथा ज्यांच्या मुखी परंपरेने आहेत, त्या किंगरीवादक प्रधान लोकांची घरची भाषा मराठीच. यजमानाचे दैवत आणि पराक्रम गोंडीत गावयाचा व आपल्या चुलीपाशी मराठीत बोलावयाचे, असा त्यांचा क्रम होता. मेसराम मंडळी गोदावरीचे जल ज्या पात्रातून आणतात, त्यासही ते ‘झारी’च म्हणतात.

या झारीच्या प्रवासापासूनच भेटीचा विचार करावयास हवा. केस्लापूर हे गाव इंद्रवेल्लीच्या परिसरात, आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. तेथे मेसरामांचे कुलदैवत नागोबा आहे. पौष महिना लागला की कुळातील मंडळी शुभ्र वस्त्रे नेसून, अनवाणी पायांनी, गोदावरीवरील हस्तिनमडुगु या ठिकाणी निघतात. मडुगु म्हणजे डोह. जन्नारम भागातील या डोहाचे पाणी झारीत भरून, ती पांढऱ्या वस्त्राने झाकून, गावोगाव मुक्काम करीत ते परततात. परतताना इंद्रवेल्लीस इंद्रादेवीची पूजा होते आणि मगच केस्लापूरच्या शिवेवरील वडाखाली सर्वजण तळ देतात. म्हणजे नागोबाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी एका देवीची पूजा घडलीच पाहिजे. पौष अमावास्येच्या मध्यरात्री त्या जलाने नागोबाचा अभिषेक व महापूजा होते. गोदातीरी राहणाऱ्या आणि रोजच्या अभिषेकास तेच पाणी वापरणाऱ्या भक्तमंडळींनी हा प्रवास ‘रानातल्या लोकांची जत्रा’ म्हणून दुरून पाहावा, हे उचित नव्हे. आपल्याकडे कावड आणतात, त्यांच्याकडे झारी आणतात. एवढेच नव्हे, तर पाण्यासाठी इतकी पायपीट आपल्यापैकी किती जणांनी केली असेल, हेही ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

जत्रेत स्त्रियांची कामे ठरलेली आहेत आणि ती गौण नाहीत. सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून या उत्सवासाठी मुद्दाम नवी मडकी घडवून आणलेली असतात. कुळात जन्मून अन्य कुळांत दिलेल्या लेकी या मडक्यांतून पाणी आणतात. जावई वारुळाची माती काढून कालवितात व लेकी त्या चिखलाचे नवे वारूळ रचतात. नागाचे घर ते वारूळच. तेव्हा दैवताचे घर बांधण्याचा मान मेसरामांनी आपल्या परगृही गेलेल्या कन्यांस दिला आहे. या कामाबद्दल लेकींचा आणि जावयांचा सत्कार होतो. विवाहाने कन्येचा पितृकुलाशी संबंध तुटतो, असे जे आपण सहज मानून चालतो, त्याला या वारुळाने मूक उत्तर दिले आहे. लेक दुसऱ्या कुळाची झाली, तरी वर्षातून एकदा तिच्या हातावाचून कुलदैवतास नवे घर मिळत नाही.

स्वयंपाकाचीही अशीच गोष्ट आहे. मंदिरालगतच्या गोवाड नावाच्या आवारात मेसरामांचे अन्न शिजते. तेथे चुली बावीसच. कुळाच्या शाखा बावीस, म्हणून चुलीही बावीस. कुटुंबे कितीही वाढली तरी त्यांची संख्या वाढत नाही. सारी कुटुंबे आपापली पाळी आली म्हणजे त्याच चुलींवर रांधतात. ज्या घरात दोन जावांस एक चूल पुरत नाही, तेथील गृहिणीस या व्यवस्थेचे मर्म अधिक कळेल. कुणी कुणापूर्वी रांधावे, कुणी कुणासाठी थांबावे, हे सर्व तेथे ज्येष्ठतेने ठरते, आणि ते ज्येष्ठत्व स्त्रियांच्या स्मरणात असते.

महापूजा आटोपल्यानंतर, रात्र सरत आलेली असताना, भेटीचा विधी होतो. मागील जत्रेनंतर जितक्या मुली या कुळात सुना म्हणून आल्या असतील, तितक्या एकत्र जमतात. गावे निरनिराळी, कुणी तेलंगणातील, कुणी पैनगंगेपलीकडील यवतमाळ-नांदेडकडची, कुणी चंद्रपूरकडची. सर्वांच्या अंगावर पांढरी वस्त्रे, डोक्यावरून ओढलेला पदर. वडील स्त्रिया त्यांना घेऊन नागोबापुढे येतात, त्यांची दैवताशी भेट करवितात, आणि नंतर कुळातील वृद्धांच्या पायांवर डोके ठेवून त्या आशीर्वाद घेतात. हे झाले म्हणजे ती स्त्री खरी मेसराम झाली. येथून पुढे नागोबाची पूजा तिची स्वतःची. पतीच्या नात्याने नव्हे, तर दैवताने तिला पाहिले आहे म्हणून.

पांढऱ्या वस्त्राविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठी गृहिणीच्या दृष्टीस नववधूच्या अंगावरील पांढरे लुगडे खटकल्यावाचून राहणार नाही, कारण आपल्या परंपरेने तो रंग विधवेच्या माथी मारला. केस्लापुरात तो रंग साऱ्या समुदायाचा आहे. झारी नेणाऱ्या पुरुषाचे धोतर व पागोटे पांढरे, झारीवरील आच्छादन पांढरे, तसेच भेटीस आलेल्या सुनेचे वस्त्रही पांढरे. दीक्षा घेणाऱ्याने जुना वेष टाकून एकरूप वेष धारण करावा, हा नियम मठाच्या शिष्यास नवा नाही. एकाच रंगात उभ्या राहिलेल्या त्या मुलींमध्ये श्रीमंत घरची कोण आणि गरीब घरची कोण हे ओळखू येत नाही. लग्नातील दागदागिन्यांनी जो भेद दाखविला होता, तो दैवतापुढे झाकला जातो.

अंगांचा विचार केला तर संस्काराची सर्व अंगे येथे आहेत. पूर्वी प्रतीक्षा आहे, वस्त्र आहे, तीर्थ आहे, दैवताचे दर्शन आहे, ज्येष्ठांची साक्ष आहे, आणि संस्कारानंतर प्राप्त होणारा नवा अधिकार आहे. नाही तो फक्त ग्रंथ. परंतु गृह्यसूत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांस हे ठाऊक असेल की, विवाहातील ग्रामाचारांविषयी स्त्रियांच्या वचनास प्रमाण मानावे, असे आपस्तंबासारख्या सूत्रकारांनीही सांगून ठेवले आहे. सूत्रकार जेथे आपला अधिकार थांबवितात, तेथूनच केस्लापूरचा विधी आरंभ होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या विधीचे केवळ गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भेट होईपर्यंत नवी सून कुलपूजेपासून दूर राहते. जत्रा वर्षातून एकदा, तेव्हा ही प्रतीक्षा कित्येक महिन्यांची असू शकते. आणि दैवतापुढे जाण्यासाठी पुरुषास अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, कारण तो त्या कुळात जन्मलेलाच असतो. सुनेला परके मानण्याची जी वृत्ती सर्वत्र आहे, तिचा अंश येथेही आहेच. परंतु इतरत्र हे परकेपण सासूच्या नजरेत मुरून वर्षानुवर्षे तसेच राहते. येथे त्याला एक अंत नेमून दिला आहे. अमुक रात्री, सर्वांच्या देखत, ते संपते. त्यानंतर तिला ‘बाहेरची’ म्हणण्याचा अधिकार कुणासही राहत नाही.

मराठी प्रदेशात नवदांपत्याने कुलदैवतास जाण्याची चाल आहेच. मराठवाड्यातील व वऱ्हाडातील कितीतरी घरांतील नववधू माहूरच्या रेणुकेची ओटी भरून येतात. परंतु तेथे दांपत्य जाते. वधू पतीच्या उपरण्याशी बांधलेली असते. कोकणस्थांच्या बोडणात पुरुषांस मज्जाव असून सुवासिनी आणि कुमारिका मिळून देवीची पूजा करतात. तेथे स्त्रियांचा समुदाय आहे, पण तो एका घरापुरता. समग्र कुळाने, नव्या आलेल्या साऱ्या सुनांस एकाच वेळी, स्त्रियांच्याच पुढारीपणाने दैवताशी जोडून द्यावे, असा विधी केस्लापूरखेरीज विरळाच.

इतिहासाच्या दृष्टीने खरी अडचण नोंदींची आहे. महानुभावांच्या महदाइसेने गोविंदप्रभूंच्या प्रीत्यर्थ ऋद्धिपुरास धवळे रचले, ते आज आपणास ठाऊक आहेत. कारण त्या पंथाने आपल्या स्त्रियांचे शब्द व प्रश्न जतन करण्याचा कटाक्ष ठेवला. असे भाग्य इतर स्त्रीसमुदायांस लाभले नाही. आदिलाबादच्या गोंडांविषयी पद्धतशीर लेखन झाले ते 1940 नंतर. त्या वर्षी जोडेघाटच्या रानात कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडले आणि या लोकांचे जमिनीचे दुःख राज्यकर्त्यांच्या कानी गेले. पुढे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ मार्लवाई येथे येऊन राहिले. त्यांच्या पत्नी बेट्टी या कार्यात त्यांच्यासमवेत होत्या, आणि आज त्या दोघांच्या समाध्या मार्लवाईसच आहेत. मार्लवाईस गोंड शिक्षक घडविण्याचे केंद्र निघाले व मुलांसाठी गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापल्या गेल्या. केस्लापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, हा ‘दरबार’ही त्याच दशकातला. दरबार आजही भरतो. मंत्री आणि अधिकारी येतात, पट्ट्यांच्या, रस्त्यांच्या व पाण्याच्या मागण्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वृत्तान्त छापून येतो. हे आवश्यकच आहे. परंतु दरबाराच्या कागदांत जी नावे लागतात ती बहुतांशी पुरुषांची. त्यापूर्वी भेटीच्या रात्री कुळात कोण आल्या आणि त्यांना कुणी हात धरून आणले, हे कोणत्याही कागदावर येत नाही. ते पाठ असते वृद्ध स्त्रियांना.

आपल्या मठांच्या दप्तरांची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. दाने देणाऱ्यांची व समाराधना घालणाऱ्यांची नावे त्यांत सापडतात. पहाटे सडा घालणाऱ्या, उत्सवाचे धान्य निवडणाऱ्या, चातुर्मासात एकत्र बसून लक्षवाती वळणाऱ्या स्त्रियांची नावे सापडत नाहीत. वर्धापनाच्या निमित्ताने ज्येष्ठ भक्त स्त्रियांपाशी बसून ती विचारून घेता येतील. त्यांतील कित्येकींचे वय लक्षात घेता हे काम पुढील उत्सवावर टाकण्यासारखे नाही.

केस्लापूरचे नागोबाचे जुने देऊळ लहान होते. मेसराम कुळाने आपल्याच वर्गणीतून दगडी मंदिर उभारले आणि 2022 च्या डिसेंबरात तेथे प्रतिष्ठापना झाली. देऊळ मोठे झाले. वारूळ आणि चुली पूर्वीच्याच. भेटीनंतर आणखी काही पूजा होतात, बेताल पूजेत वृद्ध पुरुष हाती लांब काठ्या घेऊन नाचतात, आणि मग मेसराम मंडळी उटनूरजवळच्या श्यामपूरला बुडुम देवाच्या जत्रेस निघतात. आठवड्यापूर्वी वडाखाली आलेल्या त्या मुली आता त्याच जथ्यातून चालू लागतात.