व्हाइसरॉयची गाडी

तळेघरहून वाड्यामार्गे राजगुरुनगरला उतरलो की, हुतात्मा राजगुरूंच्या घरावरून जाताना मला नेहमी एक रेल्वेगाडी आठवते. आमच्या डोंगरात रेल्वे नाही, आणि त्या गाडीशी राजगुरूंचा प्रत्यक्ष संबंधही नव्हता. ३० सप्टेंबर १९२९ रोजी ते पुण्यात पकडले गेले होते. पण त्यांचे साथीदार बाहेर होते.

२३ डिसेंबर १९२९. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन खास गाडीने दिल्लीला परतत होते. त्याच दिवशी गांधीजी, मोतीलाल नेहरू, जीना यांच्याशी त्यांची भेट ठरलेली होती. अशा गाडीपुढे रूळ तपासायला एक पायलट इंजिन धावे, आणि रुळांच्या कडेने पहारा असे. तरी शेकडो मैलांचा लोहमार्ग राखायचा किती? निजामुद्दीनच्या पुढे, जुन्या किल्ल्याच्या परिसरात क्रांतिकारकांनी रुळाखाली बॉम्ब पुरून दूरवर तार नेली होती. बॅटरीपाशी यशपाल होते. धुके इतके दाट की गाडी दिसेना. नुसत्या आवाजाच्या अंदाजाने त्यांनी कळ दाबली. क्षणभराचा फरक पडला. डायनिंग कारची मोडतोड झाली, पण गाडी तशीच पुढे निघून गेली आणि आयर्विन बचावले.

दीडच वर्षापूर्वी, ४ जून १९२८ रोजी, मंचुरियाचा सत्ताधीश चांग त्सो-लिन असा बचावला नव्हता. त्याची गाडी मुकदेनजवळ एका रेल्वेपुलाखालून जात असताना जपानी अधिकाऱ्यांनी वरचा पूलच उडवला. डब्याला पोलाद कितीही ठोका, वाट उघडीच राहते. उत्तर कोरियाचे किम घराणे तरीही चिलखती गाडीवरच विश्वास ठेवत आले. २००१ मध्ये किम जोंग इल तिच्यातून थेट मॉस्कोपर्यंत गेले होते.

आयर्विनवरील हल्ल्याचा निषेध लाहोर काँग्रेसने केला, तोही थोड्याच मतांच्या फरकाने. गांधीजींनी ‘बॉम्बची पूजा’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्याला भगवतीचरण व्होरांनी ‘बॉम्बचे तत्त्वज्ञान’ या पत्रकाने उत्तर दिले. दोन्ही वाचली की माझे मन आजही दोन्हीकडे ओढले जाते. क्रांतिकारकांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्या डायनिंग कारमध्ये राबणारे खानसामे आणि नोकर कोण होते? आपलीच माणसे ना!

पुढे राष्ट्रपतींसाठी १९५६ मध्ये दोन डब्यांचा सलून बांधला गेला. तो बरीच वर्षे पडून होता. मे २००३ मध्ये डॉ. कलाम त्यातून बिहारमधील हरनौतहून पाटण्याला गेले. जून २०२१ मध्ये रामनाथ कोविंद खास गाडीने कानपूरकडे निघाले, तेव्हा ती झिंझक आणि रूरा या लहान स्थानकांवर थांबली. तिथे राष्ट्रपतींना भेटायला त्यांच्या ओळखीची, गावाकडची माणसे आली होती.