भोंगा वाजतो, पण सांगतो काय?

दरवर्षी १४ एप्रिलपासून आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. का, ते माहितीय? १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि जवळजवळ १४०० टन स्फोटकं! धूर दिसला दुपारी दोनच्या सुमारास, पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. म्हणजे हातात दोन तास होते. पण आत धोकादायक माल आहे हे सांगणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. आजूबाजूच्या माणसांना दिसत होता तो नुसता धूर. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, शिवाय शेकडो लोक.

मला वाटतं, यातला धडा फक्त बंबांचा नाही, निरोपाचाही आहे. धोका दिसणं वेगळं आणि ‘इथून निघा’ हे कळणं वेगळं. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, एरर आली पण मेसेज कोरा!

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट मेट्रो स्टेशनवर संशोधकांनी हेच तपासलं. नुसती घंटा वाजवली तेव्हा लोक रेंगाळले. काय झालंय आणि कुठून बाहेर पडायचं, हे स्पीकरवरून सांगितलं तेव्हा स्टेशन सहा मिनिटांच्या आत रिकामं झालं.

अर्थात, स्पीकरवर बोलणाराही चुकू शकतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टॉवरवर विमान आदळण्याआधी तिथे घोषणा झाली होती, की ही इमारत सुरक्षित आहे, ऑफिसात परत जा. खाली निघालेले काहीजण परत वर गेले. म्हणजे यंत्र असून भागत नाही, माइकपाशी माहिती असलेला माणूस लागतो.

आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी अलार्मसोबत पब्लिक अ‍ॅड्रेस यंत्रणाही सांगितली आहे. आमच्या पार्ल्यात जुन्या तीनमजली इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. तुमच्याकडेही तेच असेल. तेव्हा मंडळी, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणाआधी तीनच प्रश्न विचारा. माइक कुठे आहे? त्यावर बोलणार कोण? आणि कुठल्या भाषेत? दहाव्या मजल्यावरच्या आजींना, वॉचमनला आणि पार्सल घेऊन आलेल्या पोराला, तिघांनाही ते कळायला हवं.